पेट्रोलच्या टाकीबद्दल बोललो होतो, साहेब

नमस्कार साहेब,

लग्नाला निघालेली मंडळी रविवारी खंबाटकी घाटाच्या उन्हात पाऊण तास ताटकळली, वहिनींना आणि तुमच्या आईंना त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. गाडी आमच्याकडून नेऊन जेमतेम चार दिवस झाले होते, तेव्हा राग आमच्यावरच निघणार हेही कबूल.

पण आमच्या गॅरेजच्या रिव्ह्यूत एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की, "जेटमध्ये फुंकर मारायचे अठ्ठावीसशे घेतले, टाकीबद्दल एक शब्द बोलले नाहीत, शेवटी पारगाव-खंडाळ्याच्या मेकॅनिकने साठ रुपयांचा फिल्टर टाकून गाडी चालू केली." यातलं मधलं वाक्य वाचलं आणि रात्री घास उतरला नाही.

पैशांचं आधी उरकतो. बिल २,८५० रुपयांचं आहे. किट (आतले बदलायचे सुटे भाग) ९५०, फिल्टर ८०, पेट्रोलचे रबरी पाइप आणि क्लिपा २२०, मजुरी १,६००. प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाडीचं किट आता दुकानात मागितलं आणि मिळालं असं होत नाही. नाना पेठेत दोन चकरा झाल्या, त्या बिलात धरलेल्या नाहीत. आणि फुंकर म्हणाल, तर कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, पूर्ण उतरवून खोलला होता. पेट्रोल साठतं त्या फ्लोट चेंबरच्या तळाशी पांढरी पूड, पेट्रोल अडवणाऱ्या निडलला जुन्या पेट्रोलचा चिकटा, पंपिंगचा डायफ्रॅम (पातळ पडदा) कडक होऊन चिरलेला. जेटच्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात तार घालून ते मोठं करणारे पुण्यात कमी नाहीत, त्यांच्याकडे तीनशेत काम होतं. मग सहा महिने गाडी पेट्रोल पिते आणि मालक पंपवाल्याला शिव्या देतो. आम्ही तार घालत नाही. वडिलांनी घालू दिली नाही, मी पोरांना घालू देत नाही.

आता टाकी. मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून घरी जाताना तुम्ही स्वतः गॅरेजवर थांबला होतात, आठवा. हातात हेल्मेट होतं, चहा मागवला तर नको म्हणालात. मी कार्बोरेटरला येणारा पाइप काढून रिकाम्या बाटलीत सोडला, ठिणगी नको म्हणून कॉइलची वायर काढली आणि पोराला सेल्फ मारायला सांगितलं. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप धड असेल तर ठसठशीत पिचकाऱ्या येतात. तुमच्या गाडीत पहिल्या चार-पाच चांगल्या आल्या, मग बारीक होत होत थेंबावर आल्या. त्यानंतर टाकीकडून येणारा पाइप पंपापाशी सोडवला आणि पंपाला पेट्रोलच्या दुसऱ्या बाटलीतून ओढायला दिलं. पिचकारी पुन्हा जोरात. म्हणजे पंप ठीक, दुखणं मागे टाकीत. तुम्ही विचारलंत, "म्हणजे काय करायचं?" मी म्हणालो, "टाकी उतरवून धुवावी लागेल, दोन-तीन दिवस जातील." तुमचं उत्तर होतं, "रविवारी वाईला लग्न आहे, आधी ते होऊ द्या."

शब्द न् शब्द आठवतोय, कारण मी त्यावर म्हणालो होतो की मग लग्नाला बस बरी. तुम्ही हसलात. मला वाटलं, समजलात.

तरी गाडी लग्नाला जाऊ द्यायची म्हणून कॉम्प्रेसरने पेट्रोलच्या लाइनमध्ये टाकीच्या दिशेने उलटी हवा मारली, नवा फिल्टर घातला आणि बिलाच्या खाली लिहिलं, "टाकी साफ करणे जरुरी". माझ्याकडच्या कार्बन कॉपीवर ते पुसट आहे, पण आहे. तुमच्याकडच्या मूळ बिलावर निळ्या पेनाने ठळक असणार. बघा एकदा.

गाडी गणपतीपासून मेपर्यंत सोसायटीत कव्हरखाली उभी होती, हे तुम्हीच सांगितलंत. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल धरून ठेवतं. अर्ध्या भरलेल्या टाकीत आठ महिने ओल मुरली की पाणी खाली बसतं आणि पत्रा आतून गंजतो, तो गंज पेट्रोलबरोबर येऊन फिल्टरमध्ये अडकतो. शहरात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिनला पेट्रोल लागतं किती? अर्धा तुंबलेला फिल्टरही तेवढं पुरवतो. म्हणून कोथरूड ते डेक्कन तुम्हाला काही जाणवलं नाही. घाटात पाच माणसं, डिकीत आहेराचं सामान, पाय पूर्ण दाबलेला. चेंबर भरतो त्याच्या दुप्पट वेगाने रिकामा होतो, दोन झटके देते आणि बंद. दहा मिनिटं उभी केली की ओढ थांबते, कचरा खाली बसतो, परत चालू. लोकांना वाटतं गरम झाली. तुम्ही पंपावर ओला फडका ठेवल्याचं लिहिलंय. तो पद्मिनीवाल्यांचा जुना उपाय, पंपात पेट्रोलची वाफ अडकली असेल तर लागूही पडतो. फडक्याने गंज निघत नाही.

खंडाळ्याच्या त्या मेकॅनिकबद्दल मला काही बोलायचं नाही. उन्हात येऊन त्याने गाडी चालू करून दिली, उपकारच केले. पण त्याने काढून टाकला तो फिल्टर माझाच, चार दिवसांचा. त्याने बसवलेला पारदर्शक असेल तर आत्ता खाली जाऊन बघा. आत विटकरी भुकटी दिसायला लागली असेल. ती मी घातलेली नाही.

फोन उचलला नाही हा तुमचा मुद्दा मात्र रास्त आहे. रविवारी सकाळी मी जुन्या बाजारात होतो, फोन घरी चार्जिंगला. दीड वाजता तुमचे तीन मिस्ड कॉल दिसले, लगेच लावला, तुम्ही कट केलात. परत लावायला हवा होता, पण तोवर मलाही वाईट वाटलं होतं. आणि एवढी खात्री होती तर गाडी देताना मी जास्त अडून बसायला पाहिजे होतं, तेही माझ्या मनात येतं. पण गिऱ्हाईक घाईत असलं की जास्त बोललेलं त्याला पैसे काढायचे धंदे वाटतात. आमची तीच पंचाईत.

रिव्ह्यू काढा म्हणत नाही. पण इथे गॅरेज शोधणारा माणूस आधी तेच वाचतो, आणि आता कार्बोरेटरच्या गाड्या राहिल्यात किती. निदान टाकीचं वाक्य तेवढं दुरुस्त करावं ही विनंती. यापुढे असं काही सांगितलं तर गिऱ्हाइकाची बिलावर सही घेऊ, रविवारच्या फोनचंही काहीतरी बघतो.

टाकी करायची असेल तर सोमवारी सकाळी आणा, गाडी तीन दिवस राहील. धुण्या-वाळवण्याचं जे बाहेर द्यावं लागेल तेवढंच घेईन, माझी मजुरी नको. येताना पेट्रोल भरू नका, सगळं उपसून टाकावं लागतं.