‘गाडी उशिरा पोचली, पहिला अंक बुडाला’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. एक तारा. ‘गाडी उशिरा पोचली, पहिला अंक बुडाला, वडे गार, आणि सीझर बाईच्या आवाजात गातो हे कुणी सांगितलं नाही.’ आमच्या गाडीने हौसेने ठरवलेला, ग्लाइंडबोर्नच्या ऑपेरागृहातला दिवस असा गेला, याचं मनापासून वाईट वाटतं. माफ करा.

पण ‘गाडी उशिरा पोचली’ एवढंच लिहून तुम्ही थांबलात, ते लागलं. लंडनच्या हॅरोहून निघायची वेळ साडेअकरा. आदल्या रात्री मेसेज केला, सकाळी फोन केला. तुम्ही आलात बारा वाजून दहा मिनिटांनी. पैठणीची इस्त्री राहिली होती म्हणालात. मी अवाक्षर काढलं नाही, उलट रंग किती छान आहे म्हटलं. बाकीचे सहाजण तोवर गाडीत उकडून निघत होते. त्या चाळीस मिनिटांत एम-25 हा लंडनभोवतीचा महामार्ग तुंबला. त्यात वाटेत कॉफीला थांबायचा आग्रह कुणाचा होता, ते जाऊ दे. पडदा वर गेला की तिथे उशिरा आलेल्यांना मध्येच आत सोडत नाहीत, कधीकधी थेट मध्यंतरापर्यंत थांबावं लागतं. हे तिकिटासोबत कळवलं होतं. त्या सहाजणांचाही पहिला अंक बुडाला. तुम्हाला सोडून निघायला हवं होतं, ते माझ्याच्याने झालं नाही. ही चूक माझी.

वड्यांचं म्हणाल, तर ते सकाळी तळलेले होते आणि मध्यंतर संध्याकाळचं. दीड तासाचं असलं तरी त्या हिरवळीवर कढई मांडून बसता येत नाही हो. तरी काहीतरी बघते. डब्याचे 18 पौंड परत करते.

आणि सीझरचा आवाज. हेंडेल या संगीतकाराने 1724 मध्ये ‘जुलिओ चेझारे’ या ऑपेरात ही सीझरची भूमिका लिहिली तीच सेनेसिनोसाठी. तो कास्त्रातो, म्हणजे आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच खच्ची केलेला गायक. आता ती काउंटरटेनर, म्हणजे बायकांसारख्या उंच पट्टीत गाणारे पुरुष गातात, नाहीतर बायका. तुम्ही पाहिलेलं हेच सादरीकरण ग्लाइंडबोर्नला 2005 मध्ये पहिल्यांदा झालं, तेव्हा सारा कॉनोली या बाई सीझर होत्या. ‘आमच्या घरी बालगंधर्वांचा शालू नेसलेला फोटो आहे’, हे तुम्हीच गाडीत कौतुकाने सांगितलंत. म्हणून मला वाटलं, तुम्हाला वेगळं सांगायला नको. पुढच्या वेळी सगळ्यांना आधी सांगू.

आम्ही नवराबायको दोघंच हे चालवतो. हे गाडी चालवतात, डबे मी करते. उन्हाळ्याचे तीन महिने काय ते काम. एका ताऱ्याने फोन यायचे थांबतात.

यापुढे दहा मिनिटांपेक्षा जास्त कुणासाठी थांबणार नाही. आणि कॉफी येताना.