तिसऱ्या रात्रीच्या मुंग्या
थायरॉईडच्या ऑपरेशननंतर काही तासांत पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉईड हार्मोन) तपासलं तर कॅल्शियम घटेल का याचा अंदाज येतो, हे एका लेखात वाचलं आणि राहवेना. माझ्या आईची अख्खी थायरॉईड संभाजीनगरात काढली. दुसऱ्या दिवशी कॅल्शियम नॉर्मल आलं, सुट्टी मिळाली, आम्ही परभणीकडं गावी आलो. तिसऱ्या रात्री ती म्हणाली, "ओठाला मुंग्या यायल्यात रे." चहाची बशी धरताना बोटं आखडून चोचीसारखी जुळली, सुटेचनात. आम्हाला वाटलं अशक्तपणा आहे. तालुक्याला नेऊन शिरेतून कॅल्शियम दिलं, तेव्हा कुठं हात मोकळा झाला.

कॅल्शियम तळाला जातं ते बहुतेकदा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे पेशंट घरी पोचल्यावर. पीटीएच मात्र रक्तात काही मिनिटंच टिकतं. ते बनवणाऱ्या, थायरॉईडमागच्या तांदळाएवढ्या चार ग्रंथींना धक्का बसला की ते लगेच घसरतं. साधारण मिलिलिटरमागे १० ते १५ पिकोग्रॅमच्या खाली आलं तर धोका धरून कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑलच्या (ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप) गोळ्या आधीच सुरू करतात. आईची ही तपासणी झालीच नव्हती. ड जीवनसत्त्व कमी असेल तर त्रास आणखी वाढतो, तेही ऑपरेशनआधीच बघून घ्यावं.

डॉक्टरसाहेब, पेशंट लांबच्या खेड्यातला असेल तर एवढी तपासणी कराच, आणि मुंग्या आल्या तर काय करायचं ते घरच्यांना मराठीत लिहून द्या.