‘भाड्याचा’ म्हणणाऱ्यांसाठी, ओग्बेचेबद्दल थोडं

परवा आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर विषय निघाला, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमधला आजवरचा सगळ्यात भारी फॉरेनर स्ट्रायकर कोण. कोण कोरो म्हणालं, कोण रॉय कृष्णा, एकानं मार्सेलिन्योचं नाव घेतलं. मी नायजेरियाच्या बार्थोलोम्यू ओग्बेचेचं नाव लिहिलं आणि अर्ध्या मिनिटात मेसेज आला, "अरे सोळा क्लब फिरलेला माणूस तो, कुठंच टिकला नाही, पैसे दिले की कुणाकडूनही खेळणार, भाड्याचा गडी." खाली चार-पाच जणांचे हसणारे इमोजी. तिथं मी काही बोललो नाही, पण हा ‘भाड्याचा’ शब्द डोक्यातनं जाईना, दोन रात्री झाल्या. म्हणून इथं लिहितोय, लांबेल जरा, वेळ असेल तर वाचा.

सोळा क्लब हे खरंय. पॅरिस सेंट जर्मेन, बास्तिया, मेत्झ, अल जझीरा, अलावेस, वायादोलिद, कादिझ, कावाला, मिडल्सब्रो, खेरेस, काम्बूर, विलेम टू, आणि मग आपल्याकडं नॉर्थईस्ट युनायटेड, केरला ब्लास्टर्स, मुंबई सिटी, हैदराबाद. फ्रान्स, यूएई, स्पेन, ग्रीस, इंग्लंड, नेदरलँड्स, भारत, म्हणजे सात देश. पण ही यादी टोमणा म्हणून वाचणाऱ्यांनी एक गोष्ट बघितलेलीच नसते, की यादी सुरू कुठनं झाली.

२ जून २००२. जपानमधलं काशिमा. वर्ल्डकपमध्ये नायजेरिया विरुद्ध अर्जेंटिना, आणि नायजेरियाच्या पुढच्या फळीत एक १७ वर्षांचा पोरगा. १७! आपल्याकडं त्या वयात पोरगं बारावीचा क्लास लावून बसलेलं असतं. समोर बातिस्तुता, व्हेरॉन, सिमिओने, झानेत्ती, आणि डिफेन्समध्ये पोचेतिनो, जो त्यावेळी पॅरिसमध्ये त्याच्याच क्लबात होता, म्हणजे रोज प्रॅक्टिसला बरोबर असणारा मोठा माणूस आज अंगावर येतोय. बातिस्तुताच्या हेडरवर नायजेरिया ०-१ हरली, नंतर स्वीडनकडूनही १-२ हरली आणि स्पर्धेतनं बाहेर पडली. पण त्या दोन्ही मॅचमध्ये ओग्बेचे खेळला. ज्याला आपण भाड्याचा म्हणतोय त्यानं मिशी फुटायच्या वयात वर्ल्डकप खेळलाय.

आणि पॅरिसमध्ये ड्रेसिंग रूम कसली होती बघा. त्याच्याच देशाचा कॅप्टन जे-जे ओकोचा, नुकताच आलेला रोनाल्डिन्यो, अनेल्का (हा पुढं आपल्या मुंबई सिटीकडूनच खेळला आणि कोचपण झाला), पोचेतिनो, पोरसवदा अर्तेता. अशा ठिकाणी १७-१८ वर्षांच्या पोराला सलग मॅच कोण देणार? मिळाल्या तेवढ्या खेळला, गोल काही ढीगभर झाले नाहीत, मग लोनवर, म्हणजे उसना, बास्तिया, परत लोनवर मेत्झ. स्ट्रायकरचं एक वाईट असतं, डिफेंडरला वर्षभर सांभाळून घेतात, स्ट्रायकरचे सात-आठ मॅच गोल आले नाहीत की लगेच नवा बघायला सुरुवात. वयाच्या एकविशीत हा माणूस यूएईत खेळत होता. तिथंच संपला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं, असे किती संपतात.

तो संपला नाही. स्पेनला गेला, अलावेस, मग वायादोलिद. पुढं ग्रीसमध्ये कावाला, आणि हा क्लब तर त्यानंतर मॅच फिक्सिंगच्या प्रकरणात २०११ मध्ये पार खालच्या लीगमध्ये ढकलला गेला. खेरेसचंही तेच, तिथं क्लबचीच पैशाची वाट लागलेली. आता मला सांगा, क्लब बुडाला तर खेळाडूनं काय करायचं? बॅग भरायची आणि पुढचं गाव बघायचं. आपल्यातल्या ज्यांनी दोन-तीन कंपन्या बदलल्यात, ज्यांची एखादी कंपनी बंद पडलीय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आपण त्याला स्विच म्हणतो, अनुभव म्हणतो, बायोडेटावर अभिमानानं लिहितो. खेळाडूनं केलं की तो भाड्याचा.

हा शब्द मला लागतो त्याला कारण आहे, आणि ते आधी कुठं लिहिलेलं नाही.

मी कोल्हापूरचा. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आमच्याकडं फुटबॉल म्हणजे पेठेपेठेची इज्जत. शाहू स्टेडियमला मॅच असली की दुकानाची शटर अर्धी खाली येतात, तालमीची पोरं ढोल घेऊन गॅलरीत बसतात. आमच्या टीमा बाहेरनं खेळाडू आणायच्या, गोवा, बंगाल, मणिपूर, आणि आफ्रिकेतलेसुद्धा. मी नववीत असेन, एका टीमनं (नाव घेत नाही) स्पर्धेपुरता एक उंचापुरा आफ्रिकन स्ट्रायकर आणलेला. सेमीफायनल होती आणि त्यानं समोर मोकळा गोल असताना बॉल बारवरनं घालवला. गॅलरीतनं जे काही सुरू झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. "भाड्याचा, भाड्याचा" हे त्यातलं त्यातल्या त्यात सौम्य. आणि मीपण ओरडलो. काकाच्या खांद्याला धरून उभा राहून, घसा बसेपर्यंत ओरडलो.

मॅच संपल्यावर बाहेर पडताना तो मला दिसला. भिंतीला टेकून पायरीवर बसलेला, एकटाच. डावा बूट काढलेला आणि घोट्यावरची पट्टी सोडत होता, ती घामानं कातडीला चिकटलेली, तो एका हातानं बाटलीतलं पाणी त्यावर बारीक धारेनं सोडायचा आणि दुसऱ्या हातानं इंच-इंच पट्टी सोडवायचा. घोटा टम्म सुजलेला, नारळाएवढा. म्हणजे त्या पायावर हा ९० मिनिटं पळत होता. मी दोन-तीन फुटांवर उभा. त्यानं वर बघितलं, मान हलवली, आणि परत पट्टीकडं बघायला लागला. रागबिग काही नाही. काकानं हाक मारली म्हणून मी निघालो. त्याचं नाव मला आजही माहीत नाही, पुढच्या वर्षी तो आलाच नाही. पण तो घोटा मी विसरलेलो नाही आणि तेव्हापासून मैदानावर कुणाला भाड्याचा म्हटलेलं नाही.

तर ओग्बेचे. २०१८ ला तो भारतात आला तेव्हा ३३ वर्षांचा, ऑक्टोबरमध्ये ३४ पूर्ण. सगळे म्हणत होते आला अजून एक रिटायरमेंटवाला. नॉर्थईस्टकडून सीझनच्या सुरुवातीलाच चेन्नईत जाऊन हॅटट्रिक मारली, ती मॅच ४-३ जिंकली, आणि त्या सीझनला १२ गोल. ती टीम पहिल्यांदा प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, गेली आणि कॅप्टन हाच. कोच एल्को शातोरी केरलाला गेले तर याला बरोबर घेऊन गेले, तिथं १५ गोल. त्या वर्षी वाल्स्किस, रॉय कृष्णा आणि ओग्बेचे तिघांचे १५-१५, गोल्डन बूट, म्हणजे सीझनच्या टॉप स्कोररचं बक्षीस, वाल्स्किसला. मग मुंबईत ८, हैदराबादला १८ आणि त्याच्या पुढच्या वर्षी १०. पाच सीझन, चार टीमा, ६३ गोल. सोडताना तो आयएसएलचा सगळ्यात जास्त गोल मारणारा खेळाडू होता, नंतर त्याला मागं टाकलं ते आपल्या छेत्रीनं, आणि छेत्रीनं टाकलं तर आनंदच आहे.

चार टीमा म्हणजे काय हे जरा समजून घ्या. दरवेळी नवीन विंगर, नवीन मिडफिल्डर. क्रॉस कोण पहिल्या पोस्टला टाकतो, कोण उशिरा टाकतो, कुणाचा डावा पाय नुसता उभं राहायला आहे, हे सगळं प्रीसीझनच्या दीड-दोन महिन्यांत पाठ करायचं, आणि गोल तर पहिल्या मॅचपासून पाहिजेत. केरलाकडून पहिल्याच मॅचला एटीकेला त्यानं दोन मारले होते. पळण्यात तो कधीच वीज नव्हता, या वयात तर नाहीच. पण बॉल कुठं पडणार हे त्याला डिफेंडरच्या आधी कळायचं. २८ फेब्रुवारी २०२१, बांबोळी, लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिल्या येणाऱ्या टीमची ट्रॉफी, कोणाला जाणार ठरवणारी मॅच, मुंबईला एटीके मोहन बागानविरुद्ध जिंकायलाच पाहिजे होतं. आपल्या मुर्तदा फॉलनं पहिला गोल मारला. मग सांतानाची फ्री किक बारला लागून परत आली, सगळे बारकडं बघत उभे, आणि ओग्बेचे बॉल येणार त्या जागी आधीच पोचलेला. डोकं लावलं, गोल. २-० जिंकलो, शील्ड मुंबईची. लोक याला नशीब म्हणतात. वीस वर्षं सात देशांत डिफेंडरांचे धक्के खाल्ल्यावर ते नशीब येतं.

आणि १३ मार्चची फायनल. फातोर्डा, स्टेडियम रिकामं, कोरोनाचा काळ. मी पुण्यातल्या रूमवर मोबाईलवर बघत होतो, रूममेट कानात हेडफोन घालून मीटिंगमध्ये. परत तेच मोहन बागान. त्यांचा विल्यम्सचा गोल, मग तिरीचा ओन गोल, १-१. हाफटाइमच्या आधी आपला अमेय रानवडे डोक्याला मार लागून पडला, ॲम्ब्युलन्स मैदानात आली, तेव्हा तर मॅचचं काही सुचेना, पोरगं बरं असू दे एवढंच. नंतर तो ठीक असल्याचं कळलं तेव्हा जीवात जीव आला.

नव्वदावं मिनिट. सगळ्यांना वाटतंय एक्स्ट्रा टाइम होणार. लांब बॉल येतो, मोहन बागानचा कीपर अरिंदम पुढं येतो, पण बॉल काही नीट क्लिअर होत नाही, आणि ३६ वर्षांचा ओग्बेचे नव्वदाव्या मिनिटाला त्याच्या अंगावर गेलेला असतो. बॉल काढून घेतो. आता इथं थांबा आणि विचार करा. फायनल, शेवटचं मिनिट, कीपर जागेवर नाही, तुम्ही स्ट्रायकर आहात, आयुष्यभर गोलवर मोजलेले आहात, पुढचं कॉन्ट्रॅक्ट गोलच्या आकड्यावर मिळणार आहे. कुणीही घाईनं मारला असता. त्यानं मान वर केली, आपला बिपिन सिंग मोकळा बघितला आणि बॉल त्याला दिला. बिपिननं गोल मारला. २-१. मी किंचाळलो तसा रूममेट खुर्चीतनं उठलाच. एकाच सीझनला शील्ड आणि कप दोन्ही, आयएसएलमध्ये असं करणारी मुंबई सिटी पहिली टीम. पोस्टर बिपिनचं झालं, आणि व्हायलाच पाहिजे, फायनलचा गोल आहे. पण तो पास देणारा माणूस जर भाड्याचा असेल तर मग घरचा कोणाला म्हणायचं?

त्यानंतर मुंबईनं त्याला ठेवलं नाही. मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. वय ३७ होणार, फॉरेनरच्या जागा कमी झालेल्या, मैदानावर पाचाऐवजी चारच, हिशोब मला कळतो. पण ज्या माणसाचा शील्डच्या मॅचमध्ये गोल आणि फायनलला तो पास आहे त्याला एक सीझन अजून द्यायला पाहिजे होता. त्यानं नवीन क्लबात जाऊन १८ गोल मारले, गोल्डन बूट घेतला, कोरोच्या एका सीझनच्या १८ शी बरोबरी केली आणि हैदराबादबरोबर परत चॅम्पियन झाला, परत फातोर्ड्यालाच, केरलाविरुद्ध पेनल्टीवर. हैदराबादचा कीपर कट्टीमनीनं पेनल्टी अडवल्या ती फायनल.

हैदराबादच्या त्या सीझनमधली एक मॅच मला जास्त जवळची आहे. जानेवारी २०२२, ईस्ट बेंगॉलला ४-०. तीन ओग्बेचेचे. आणि चौथा? आपल्या अनिकेत जाधवचा. कोल्हापूरचा अनिकेत, २०१७ चा अंडर-१७ वर्ल्डकप खेळलेला. स्कोअरबोर्डवर दोघांची नावं खाली-वर. काकाचा लगेच फोन, "बघितलास काय रे, आपल्या पोरानं मारला!" काकाला ओग्बेचे माहीत नव्हता, मी त्याला सांगत बसलो, हा नायजेरियाचा आहे, १७ वर्षांचा असताना वर्ल्डकप खेळला, अनिकेत रोज प्रॅक्टिसला याच्याबरोबर असतो, याची बॉक्समधली चाल बघून आपला पोरगा शिकतोय. काका जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आपल्याकडं तो एक आलता बघ, उंच, बारवरनं घालवलेला."

म्हणजे त्यालाही आठवत होता. मी घोट्याचं त्याला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.

ग्रुपवर ही पोस्ट टाकणार आहे. ज्यानं तो मेसेज केला तो माझा शाळेपासूनचा मित्र आहे, त्या मॅचला आमच्याच गॅलरीत दोन ओळी खाली बसला होता. रविवारी शाहूला मॅच आहे, भावा, ये. तिकीट मी काढतो.