चष्म्यातला सुलतान आणि चपलेवरचा मिनार

नितीनचे ते ॲप अजून तयारही झालेले नाही, पण त्यावरून खडे बाजारातल्या आमच्या कट्ट्यावर दोन तट मात्र पडले आहेत. ॲप काय आहे हे बेळगावात वेगळे सांगण्याची गरज नाही, कारण नितीनने ज्याला गाठून ऐकवले नाही असा माणूस शहापूरपासून कॅम्पापर्यंत शोधून सापडणार नाही. किल्ल्यातली साफा मशीद, मग विजयपूर, म्हणजे आपले विजापूर, पुढे कलबुर्गीचा बंदे नवाजांचा दर्गा, असा मुस्लिम पर्यटकांसाठी हलाल जेवणासह दौरा. आणि प्रत्येक ठिकाणी मोबाईल किंवा आभासी दृश्ये दाखवणारा चष्मा रोखला की समोर आदिलशाही दरबार भरणार आणि सुलतान उठून बोलू लागणार. बोलण्यातल्या शिव्या गाळून आणि अर्धवट वाक्ये पुरी करून मी ही चर्चा लिहीत आहे. मेहबूबभाईंच्या वाक्यांना मात्र हात लावलेला नाही, कारण त्यांना त्याची गरज नसते.

मेहबूबभाई शिंपी आहेत, उमरा करून आले आहेत, आणि चहा संपेपर्यंत सहसा कोणाशी वाद घालत नाहीत. नितीन पुण्यात नोकरीला होता तोवर त्याचे बोलणे निदान समजत असे. बंगळूरहून परतल्यापासून ‘इमर्सिव्ह’ हा शब्द वापरल्याशिवाय तो पाणीसुद्धा मागत नाही. त्या संध्याकाळी तो नमुना दाखवायलाच आला होता. त्याने मोबाईल जमिनीवर रोखला, पडद्यावर ठिपके चमकले, सपाट जागेचा अंदाज घेऊन एक गोजिरवाणा मिनार फरशीवर उगवला, आणि उजेड कमी असल्यामुळे की काय, डगमगत सरकत थेट मेहबूबभाईंच्या चपलेवर जाऊन उभा राहिला. मेहबूबभाईंनी काही न बोलता पाय मागे घेतला. मिनार चपलेपाठोपाठ गेला. नितीन ‘ट्रॅकिंगचा प्रॉब्लेम आहे, नंतर सुधारू’ असे म्हणत राहिला आणि प्रकाश इतका हसला की त्याच्या पेल्यातला चहा सांडला.

“सुधारेल, सुधारेल,” मेहबूबभाई म्हणाले, “पण तुझ्या यंत्राला चपलेत आणि ओट्यात फरक कळत नाही, आणि तू त्याला मशिदीत न्यायला निघाला आहेस.”

नितीनने मग आपला हुकमी एक्का काढला. डिसेंबर २०२१ मध्ये मक्केच्या हरम शरीफ या मुख्य मशिदीच्या व्यवस्थापनानेच हजरे अस्वद, म्हणजे काबागृहाच्या कोपऱ्यातला तो काळा दगड, आभासी चष्म्यातून दाखवण्याचा उपक्रम सुरू केला, तेव्हा खुद्द मक्केला जे चालते ते बेळगावच्या शिंप्याला का चालू नये, असा त्याचा सवाल होता. प्रश्न बिनतोड वाटला. पण मेहबूबभाईंना त्यापुढची गोष्टही माहीत होती: त्यानंतर दोनच महिन्यांत तुर्कस्तानच्या दियानत या धर्मव्यवहार संस्थेने स्पष्ट केले की अशी आभासी भेट हज ठरू शकत नाही, हजला पाय त्या जमिनीवरच टेकावे लागतात. चष्म्यातून पाहून घ्या, समजून घ्या, पण हज केली असे म्हणू नका, एवढाच त्याचा अर्थ.

“आणि दगडाचंच म्हणशील,” ते पुढे म्हणाले, “तर हजरत उमर त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले होते, तू दगड आहेस हे मला ठाऊक आहे, तुझ्याकडून ना नफा ना नुकसान, पैगंबरसाहेबांना तुझं चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं. खऱ्या दगडाला जे असं सुनावतात ते तुझ्या चष्म्यातल्या दगडाला काय म्हणाले असते याचा तूच विचार कर. गर्दीत तिथपर्यंत पोहोचता येत नसेल तर लांबून हात वर करून तकबीर म्हणायची सवलत आहेच. मी तेच केलं. हात वर करायला बॅटरी लागत नाही.”

नितीन गप्प बसणाऱ्यांपैकी नाही. नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची, म्हणजे काब्याकडची, दिशा मेहबूबभाई मोबाईलवरच पाहतात, हे त्याने पकडले. आम्हाला वाटले आता भाई अडकले, पण त्यांनी शांतपणे खिशातून मोबाईल काढून दाखवला आणि म्हणाले, “हा दिशा दाखवतो आणि खिशात जातो. पुढचं माझं मी बघतो. तुझा चष्मा डोळ्यांवरून उतरतच नाही.” माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म इथेच होते. इंडोनेशियात हजला निघालेल्यांना काब्याच्या प्रतिकृतीभोवती तवाफचा सराव करायला लावतात. सात फेऱ्या कुठून सुरू करायच्या, कुठे संपवायच्या हे त्यांना कळते, पण सराव संपल्यावर कोणी नावामागे हाजी लावत नाही. चष्म्याने असा सराव करून घ्यायला मेहबूबभाईंचीही हरकत नव्हती. माणूस प्रत्यक्ष दर्ग्यात, प्रत्यक्ष मशिदीत पोहोचल्यावरही त्याच्या आणि त्या जागेच्या मध्ये पडदा धरायचा, याला होती.

इथे नितीनने एक मुद्दा बरा मांडला, हे मान्य केले पाहिजे. ज्यांना जाताच येत नाही त्यांचे काय, असे त्याने विचारले. गुडघे गेलेली आजी गोलघुमटाच्या कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा जिना चढून वरच्या सज्जात कशी जाणार? काही दर्ग्यांच्या मजारीपाशी स्त्रियांना सोडतच नाहीत; त्यांना निदान चष्म्यातून तरी आतले दिसेल. आजीच्या बाबतीत सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या मुद्द्याला मेहबूबभाईंनी स्वतःचे नव्हे तर कट्ट्यावर कधीही न येणाऱ्या खैरूनभाभींचे उत्तर दिले. नितीनने ही योजना त्यांच्या घरी जाऊनही ऐकवली होती, आणि शिलाई मशीन न थांबवता त्या म्हणाल्या होत्या, “हाजी अलीला बायका चष्मा मागायला कोर्टात गेल्या नव्हत्या.” हाजी अली दर्ग्यात बायकांना मजारीपर्यंत जाऊ देणारा मुंबई उच्च न्यायालयाचा तो निकाल ऑगस्ट २०१६ चा, आणि नोव्हेंबरात बायका आत गेल्याही. दार बंद ठेवायला सोयीचे निमित्त म्हणून उद्या कोणी हाच चष्मा पुढे करील, ही भीती मला तरी अनाठायी वाटत नाही.

२०१६ चा विषय निघाल्यावर प्रकाशला जुना हिशेब आठवला. त्याच वर्षी पोकेमॉन गो हा मोबाईलवरचा खेळ आला, त्यात देवळांत अंडी दिसतात म्हणून गुजरात उच्च न्यायालयात याचिका झाली, आणि त्याच दिवसांत आमचा नितीन कपिलेश्वर तलावाच्या काठाने मोबाईलमध्ये मान घालून हिंडताना पुजाऱ्याच्या ताम्हनाला अडखळला होता. नितीन हे नाकारतो, पण साक्षीदार कट्ट्यावरच बसलेले असतात. मुद्दा मात्र खरा आहे: कोणाच्या प्रार्थनेच्या जागेवर काय चिकटवायचे हे दूर बसलेली कंपनी ठरवते आणि तिथे रोज येणाऱ्यांना कोणी विचारत नाही. शिवाय चष्म्याचा कॅमेरा सतत चालू असतो. सजद्यात वाकलेला माणूस कोणाच्या तरी सहलीच्या चित्रफितीत नेपथ्य म्हणून जातो. मक्का-मदिनेच्या मशिदींत फोटो काढण्यावर सौदी सरकारने २०१७ मध्ये बंदी जाहीर केली होती, आणि त्यानंतरचे सेल्फी आपण सर्वांनी पाहिले आहेतच.

वसंतअण्णा इतका वेळ थांबले होते ते केवळ कांदाभजी गरम असल्यामुळे. त्यांचा प्रश्न एकच असतो, मग विषय मेट्रोचा असो की मंगळावरच्या यानाचा. सुलतान कोणत्या भाषेत बोलणार? कन्नड आणि इंग्रजीची सोय केली आहे, असे नितीन पुटपुटला, आणि सीमावादातला १ नोव्हेंबरचा काळा दिवस, महाजन अहवाल आणि दुकानांच्या पाट्या हे सगळे पुन्हा एकदा आमच्या अंगावर कोसळले. अण्णांच्या म्हणण्यात पुरावा नव्हता असे नाही. आदिलशाहीच्या महसुली दफ्तरात मराठी चालत होती, हे इतिहासकार मानतात. “तेव्हा सुलतान मराठीतच बोलला पाहिजे,” अण्णांनी निकाल दिला.

“बोलेल की, अण्णा,” मेहबूबभाई म्हणाले, “पण काय बोलेल? दुसरा इब्राहिम आदिलशहा स्वतःला जगद्गुरू म्हणवून घेत होता, सरस्वतीची स्तुती लिहीत होता. ते बोलवाल की गाळाल? एका गिऱ्हाईकासाठी त्याला मौलवी कराल, दुसऱ्यासाठी पंडित. मेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्य घालायचं तर त्याची परवानगी कोण देणार?”

हे ऐकून प्रकाशने नको ती दुखरी जागा दाबली. साफा मशिदीच्या खांबांपैकी दोहोंवर जुने कन्नड लेख आहेत, एक रट्ट राजा कार्तवीर्य चौथा याच्या काळचा, ११९९ चा, आणि दुसरा यादव कृष्णाचा, १२६१ चा. मशीद आदिलशाही सरदार असदखानाची, म्हणजे कितीतरी नंतरची. ॲप तिथे काय दाखवणार? नितीनचे उत्तर तयार होते: वापरणाऱ्याने निवडावे. ज्याला मशीद हवी त्याला मशीद, ज्याला त्याआधीचे हवे त्याला ते. क्षणभर कोणीच बोलेना. मग मेहबूबभाई म्हणाले, “म्हणजे एकाच खांबापुढे दोन माणसं उभी राहणार आणि दोघांना दोन वेगळे खांब दिसणार. आत्ता निदान भांडायला खांब तरी एकच आहे.”

नितीनने शेवटी साफा मशीद आणि दर्गा यादीतून काढायची तयारी दाखवली, पण गोलघुमट सोडणार नाही म्हणाला. ते तिकीट काढून पाहायचे ठिकाण आहे, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तिथे कोणाची इबादत बिघडते? मेहबूबभाईंनी हे लगेच मान्य केले, आणि वर असे काही सांगितले की नितीनचा चेहरा पडला. १६५६ मध्ये पुरा झालेला, बाहेरून ४४ मीटर व्यासाचा तो घुमट ज्या कबरींसाठी बांधला, त्या आपण पाहतो त्या नव्हेतच. ओट्यावर लाकडी छत्रीखाली दिसतात त्या दाखवण्यापुरत्या. महंमद आदिलशहाची खरी कबर त्यांच्या बरोबर खाली तळघरात आहे. “म्हणजे तुझं ॲप त्यांनी पावणेचारशे वर्षांपूर्वीच बनवलं होतं,” ते म्हणाले. “फरक एवढाच, की दाखवायचं वर ठेवलं आणि निजायचं खाली. दोन्हींची गल्लत त्यांनी होऊ दिली नाही. तुला बोलवायचाच असेल तर वरचा सुलतान बोलव, खालच्याला झोपू दे.”

“झोपणार कसा?” प्रकाश म्हणाला. “सज्जात सहलीची पोरं बोंबलत असतात, आणि एकेक बोंब सात-सात वेळा घुमते.”

मग सुलतानाचे पहिले वाक्य काय असावे यावर स्पर्धाच लागली. नितीनने फारसीमिश्रित काहीतरी गंभीर सुचवले, ते एकमताने फेटाळण्यात आले. अण्णांची अट होती की मराठी चालेल, पण पुण्याची चालणार नाही, बेळगावचीच पाहिजे. त्यावर मेहबूबभाईंनी टेप गळ्याभोवती सारखी केली, तळघरातून यावा तसा घोगरा आवाज काढला आणि सुलतानाचे भाषण एका वाक्यात संपवले:

“वर कोण बोंबलूलालंय बे?”

अण्णांना हसताना ठसका लागला, आणि तो आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवण्यासाठी नितीन मोबाईल शोधू लागला, जो इतका वेळ प्रकाशच्या खिशात होता.