रात्री अडीच वाजता मत कसं मागावं

भावी अध्यक्ष, भावी सरचिटणीस, भावी खजिनदार आणि यातलं काहीच पदरात न पडल्यामुळे कार्यकारिणीत बसणारे भावी सदस्य, सगळ्यांना नमस्कार. परराष्ट्र सेवेतल्या कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या निवडणुकीला उभे राहून त्यांचं प्रतिनिधित्व करायला तुम्ही कंबर कसून निघाला आहात, तर चार युक्तीच्या गोष्टी सांगाव्यात म्हणून लिहायला बसलो. मला कुणी विचारलेलं नाही. पण गेल्या मंगळवारी तुमच्यातल्याच एकाने मला न विचारता झोपेतून उठवलं, तेव्हा फिट्टंफाट.

पहिली गोष्ट घड्याळाची. ते बघू नका. मी सध्या आहे ते मिशन, म्हणजे परदेशातली आपली वकिलात, दिल्लीच्या साडेदहा तास मागे आहे. उमेदवाराने दिल्लीत एक वाजून पाच मिनिटांनी डबा उघडला आणि एका हाताने पोळी तोडत दुसऱ्या हाताने मला फोन लावला. माझ्याकडे रात्रीचे दोन पस्तीस. "भाईसाब, खाना हो गया?" हा पहिला प्रश्न. झालं होतं हो, सहा तासांपूर्वी. जगाच्या पाठीवर कुठेही बदली होऊ शकते अशा नोकरीत पंधरा-वीस वर्षं काढलेल्या माणसाला पृथ्वी गोल आहे हे माहीत असलंच पाहिजे असं थोडंच आहे?

आता खरी मौज ऐका. मी डोळे चोळत म्हटलं, "बरं, मत देईन, बघतो." तर पलीकडून उत्तर आलं की तुमच्या मताचं राहू द्या, तुमच्या बॅचचे जे सात-आठ जण सध्या दिल्लीत आहेत त्यांना तेवढा शब्द टाका. म्हणजे हिशेब बघा. बाहेर असलेला माणूस हा मतदार नाहीच. तो दिल्लीतल्या मतदारांचा फोन नंबर आहे. हे तंत्र उत्तम आहे, जरूर वापरा. ज्यांना संघटनेची सगळ्यात जास्त गरज पडते, त्यांच्याकडे सगळ्यात कमी वेळ घालवावा.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी सूर्योदय, दुपारी स्वतःचा हात जोडलेला फोटो आणि रात्री पुन्हा तोच फोटो.

जाहीरनामा लिहिताना 'लढा' हा शब्द किमान सहा वेळा यावा. 'आंदोलन छेडू' हेही असू द्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या आचरण नियमांतला नियम ७ आपल्याला संपाची परवानगी देत नाही, पण तो वाचतंय कोण.

आता मुख्य विषय. पोस्टिंग.

पोस्टिंगचं आश्वासन प्रत्येकाला स्वतंत्र द्यावं, आणि कानात द्यावं. ज्याची मुलगी दहावीत आहे त्याला सांगा, मार्चपर्यंत दिल्लीतून हलू देत नाही. ज्याची दोन अवघड स्टेशनं झाली आहेत त्याला सांगा, आता युरोप पक्का. स्टेनोला सांगा की असिस्टंटांनी तुमची जागा पळवली, असिस्टंटांना सांगा की स्टेनोंचंच सगळीकडे वजन आहे, सांकेतिक भाषेतले गुप्त संदेश सांभाळणाऱ्या सायफरवाल्यांना सांगा की तुमची तर कुणी आठवणही काढत नाही. (हे शेवटचं खरं आहे, त्यामुळे बोलताना आवाजात आपोआप कळवळा येतो.) एकाच जागेवर चार जणांना पाठवण्याचं वचन दिलं तरी घाबरायचं कारण नाही, कारण ते चौघं एकमेकांना कधी विचारणार नाहीत. प्रत्येकाला वाटतं, हे गुपित आपल्यालाच सांगितलंय.

या सगळ्यात एक बारीकशी अडचण आहे, ती सांगून टाकतो. आपल्या संघटनांना मान्यता मिळते ती १९९३ च्या सेवा संघटना मान्यता नियमांखाली. त्या प्रवर्गातले किमान ३५ टक्के कर्मचारी सदस्य असले तर मान्यता, दुसऱ्या क्रमांकाच्या संघटनेला १५ टक्के. वर्गणी पगारातून कापली जाते, त्यावरून डोकी मोजतात. हे आकडे तुम्हाला पाठ आहेत, कारण तुमच्या खुर्चीचे पाय त्यांवर उभे आहेत. पण त्याच नियमांत आणखी एक अट आहे: संघटनेने एखाद्या एकट्या कर्मचाऱ्याच्या सेवाविषयक बाबीचा कैवार घ्यायचा नाही. तिचं काम सगळ्यांच्या समान हिताचं. १९६६ पासून चालत आलेल्या जेसीएममध्येही, म्हणजे सरकार आणि कर्मचारी यांच्या वाटाघाटींच्या यंत्रणेतही, तेच आहे. भरती, बढती, शिस्त यांची सर्वसाधारण तत्त्वं चर्चेला घ्या, वैयक्तिक प्रकरणं नाही. म्हणजे तुम्ही कानात सांगत फिरताय तेवढं एकच काम संघटनेला करायला मनाई आहे, आणि नेमकं त्याच कामावर तुम्ही मतं मागताय! सुताराच्या दुकानात जाऊन दात काढून घेण्यासारखं आहे हे, आणि आम्हीही असे शहाणे की तोंड उघडून रांगेत उभे.

बरं, पोस्टिंगबद्दल करण्यासारखं काहीच नाही का? आहे, ढीगभर आहे. रिकाम्या होणाऱ्या जागांची यादी वेळेवर सगळ्यांना दिसावी, हे मागता येतं. शाळेच्या वर्षाच्या मध्यात बदलीचा आदेश निघू नये, हे मागता येतं. अवघड स्टेशन करून आलेल्याला पुढच्या वेळी काय मिळावं याचं तत्त्व कागदावर यावं आणि ते पाळलं गेलं की नाही हे वर्षाअखेरीस दाखवावं, हेही मागता येतं. यातलं एकही वैयक्तिक नाही. पण यात एक मोठा तोटा आहे. उद्या ते तत्त्व खरंच कागदावर आलं, तर तुमच्या कानात येऊन विनवणी कोण करणार? तुमच्या टेबलासमोर ताटकळत उभं कोण राहणार? यादी सगळ्यांना दिसली की तुमचं 'मी बोलतो साहेबांशी' दोन पैशांचं होतं. म्हणून ते कुणी मागत नाही. अंधार असेल तरच कंदील विकला जातो, हे तुम्हाला आमच्याहून चांगलं कळतं.

राग येतोय का मला? नाही हो. पुढे जाऊ.

नियम वाचू नयेत. माझ्या फोनवरच्या उमेदवाराला मी सहज विचारलं (झोप उडालीच होती), की बायकोला इथे नोकरी करता यावी असा करार या देशाशी आहे का. भारताने असे करार बऱ्याच देशांशी केलेत, कुठल्या देशाशी आहे आणि कुठल्याशी नाही यावर आमच्यापैकी कित्येकांचं घर चालतं. तो म्हणाला, "भाभीजी को बोलिए, टेन्शन न लें." लिहून घेतलं मी. करार क्रमांक: टेन्शन न लें.

हाच माणूस जाहीरनाम्यात लिहितो, 'मिशनमधील कर्मचाऱ्यांना डिप्लोमॅटसारखाच सन्मान मिळवून देऊ.' १९६१ च्या व्हिएन्ना करारात कलम ३७ आहे. मरून रंगाच्या पासपोर्टवाला डिप्लोमॅट आणि आपला पांढऱ्या पासपोर्टवाला प्रशासकीय कर्मचारी यांत तिथे स्पष्ट फरक केला आहे. त्याला जकातमाफी कायम, आपल्याला पहिल्यांदा घर मांडताना आणलेल्या सामानापुरती. त्याला दिवाणी दाव्यांपासून काही अपवाद वगळता संरक्षण, आपल्याला कामाच्या ओघात केलेल्या गोष्टींपुरतंच. आंतरराष्ट्रीय करार हा जनपथवरच्या कार्यकारिणीच्या बैठकीत बदलायचा बेत आहे की काय, कळत नाही. त्याच १९६१ सालचे आपले पीएलसीए नियम आहेत, आपला भत्ता, रजा, घरी यायचं तिकीट सगळं त्यात. ते निदान दिल्लीत बदलता येतात. पण ते वाचायला बसावं लागतं, आणि बसलं की फोटो कोण काढणार?

खासदारांबरोबरचा फोटो मात्र हवाच. बाहेरून वजन आणायला त्याच आचरण नियमांतल्या नियम २० ची मनाई आहे, म्हणून फोटोखाली फक्त 'सदिच्छा भेट' लिहावं.

सीनियॉरिटीच्या भांडणात दोन्ही बाजूंना बरोबर म्हणावं. थेट भरतीवाल्यांसमोर सर्वोच्च न्यायालयाच्या, त्यांच्या सोयीच्या २०१२ च्या परमार निकालाचं नाव घ्यावं, बढतीवाल्यांसमोर त्यांच्या सोयीच्या २०१९ च्या मेघचंद्र निकालाचं. दुसऱ्याने पहिला मोडीत काढला हे दोन्ही खोल्यांत सांगायची गरज नाही.

हिशेबतपासनीसाचा ताळेबंद दरवर्षी द्यायचा असतो. असो.

निवडून आल्यावर काय करावं, हे सांगायची खरं तर गरज नाही, कारण या बाबतीत आमचे काही माजी नेते एवढे तयार होते की त्यांच्याकडूनच शिकावं. पहिले सहा महिने सत्कार. पुढचे सहा महिने 'फाईल वर गेली आहे'. आणि मग एके दिवशी ग्रुपवर निरोपाचा संदेश: जड अंतःकरणाने कळवतो की माझी बदली अमुक ठिकाणी झाली आहे. अमुक ठिकाण नेहमी कसं काय हो चांगलंच निघतं? नेत्याला कधी मलेरियाच्या गोळ्या घेऊन जावं लागल्याचं मला तरी आठवत नाही. योगायोग असेल. आम्ही केक कापतो, शुभेच्छा देतो, आणि उरलेली कार्यकारिणी कोरमसाठी माणसं शोधत फिरते.

आता मात्र सरळच बोलतो, फार झाली गंमत.

मागच्या पोस्टिंगला असताना माझे वडील गेले. तो फोनही असाच रात्रीचा आला होता. मी इमर्जन्सी पॅसेजवर, म्हणजे अशा वेळी मिळणाऱ्या सरकारी खर्चाच्या तिकिटावर, घरी गेलो, दहावा-तेरावा उरकला, परत आलो आणि प्रवासखर्चाचा क्लेम टाकला. मधल्या विमानाचा बोर्डिंग पास सापडत नव्हता. स्मशानातून आलेला माणूस खिशातले कागद जपत नसतो. विमान कंपनीचं पत्र जोडलं, तिकीट जोडलं, पासपोर्टवरचे शिक्के जोडले. नऊ महिने ती फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली आणि दर वेळी तोच एक प्रश्न घेऊन परत आली. मी संघटनेच्या तेव्हाच्या पदाधिकाऱ्याला फोन केला. दिल्लीत सकाळचे अकरा वाजलेले असतील असा हिशेब करून, इकडे मध्यरात्र उलटेपर्यंत जागून केला. तो काय म्हणाला, ठाऊक आहे? "भाईसाब, ये तो इंडिव्हिज्युअल केस है. रूल्स में संघटना नहीं उठा सकती."

नियम तेव्हा बरोबर आठवला! हाच माणूस निवडणुकीआधी मला आग्नेय आशियात पाठवत होता. पोस्टिंग देताना मी वैयक्तिक नव्हतो. बाप मेल्यावर झालो.

आणि ते वैयक्तिक नव्हतंच रे बाबांनो. मी नंतर विचारत गेलो तर माझ्या ओळखीच्याच पाच जणांचे क्लेम असल्याच एखाद्या कागदापायी अडकले होते, एकाचा तर आईच्या शेवटच्या आजारपणातला. पास हरवला तर त्याऐवजी कोणता कागद चालेल आणि किती दिवसांत निकाल लागेल, एवढं एक वाक्य सगळ्यांसाठी मागायचं होतं. जेसीएमच्या आपल्या विभागीय परिषदेच्या विषयपत्रिकेवर एक ओळ. सगळ्या कर्मचाऱ्यांचा समान प्रश्न. त्यासाठीच तर ती परिषद आहे, त्यासाठीच तुम्हाला बैठकीला जायला ड्युटी धरतात, त्यासाठीच माझ्या पगारातून दरमहा वर्गणी जाते. तुम्हाला ती ओळ लिहिता आली नाही. सूर्योदयाचे फोटो पाठवायला जमतं, एक ओळ लिहायला जमत नाही. लाज वाटायला हवी.

या वेळी उभ्या असलेल्यांपैकी एकाने तरी सांगावं की विषयपत्रिकेवर पहिले तीन विषय कोणते घालणार. एकाने तरी लिहून द्यावं की मुदत संपेपर्यंत मी स्वतःसाठी पोस्टिंग मागणार नाही, आदेश आलाच तर जाण्याआधी हिशेब आणि अर्धवट कामं पुढच्याच्या हाती देऊन जाईन. बाहेरच्या मिशनांमधल्या लोकांशी बोलायला एक माणूस नेमा आणि त्याला जगाचा नकाशा विकत घेऊन द्या, संघटनेच्या पैशातून. त्या खर्चाला मी हरकत घेणार नाही.

आणि तो मंगळवारचा उमेदवार हे वाचत असेल तर त्याच्यासाठी. फोन वाजला तेव्हा माझ्या आधी बायको उठून बसली होती. तिने दिवा लावला, माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मी "खाना हो गया" म्हणेपर्यंत तिने श्वास घेतला नव्हता. तुम्ही म्हणालात, "फोन सायलेंटपे रखते नहीं क्या रात को?" नाही ठेवत. गावाकडे माझी आई एकटी असते.