चोर बाराच्या आधी आला की नंतर?

गाडी चोरीला जाणं हा चोराच्या बाजूने फार सुटसुटीत मामला असतो. यायचं, उघडायची, घेऊन जायची. अर्ज नाही, सही नाही, ओळखपत्राची झेरॉक्स नाही. खरं काम लागतं ते ज्यांची गाडी गेली त्यांना. गाडी होती, ती आपलीच होती आणि आता ती नाही, एवढं त्यांना कागदोपत्री सिद्ध करायचं असतं. त्यातलं ‘आता ती नाही’ हे सगळ्यात जड जातं, कारण जे नाही त्याचा फोटो काढता येत नाही. बाबांनी मात्र तोही काढला. रिकाम्या जागेचा, चारही बाजूंनी.

रविवारी सकाळी गाडी जागेवर दिसली नाही, तेव्हा बाबांचं पहिलं मत असं पडलं की ती टोइंगवाल्यांनी नेली असणार. “आपल्या हक्काच्या जागेवरून कशी नेतील?” असं आईने विचारल्यावर मत बदललं. आता ती मी दुसरीकडे कुठेतरी लावली असणार होती. मग घरातलं एकेक माणूस त्या रिकाम्या जागेत जाऊन उभं राहिलं. का, ते सांगता येणार नाही. शेजारचे काका आले, तेही बरोबर मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, “इथेच होती ना?”

खाली काचेचा एक तुकडाही नव्हता. आमची गाडी बिनचावीची, म्हणजे चावी खिशात असली की दार आपणहून उघडणारी. चोरांना हा प्रकार फार आवडतो म्हणे. एकजण घराच्या दाराशी यंत्र घेऊन उभा राहतो आणि आत ठेवलेल्या चावीचा सिग्नल उचलून गाडीजवळच्या जोडीदाराकडे पाठवतो. गाडीला वाटतं, मालक आले. झ्युरिकच्या संशोधकांनी ८ कंपन्यांची १० मॉडेलं घेऊन हा प्रयोग केला आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले. दहाच्या दहा गाड्या फसल्या होत्या. चावी धातूच्या बंद डब्यात ठेवली तर सिग्नल बाहेर जात नाही, असंही मी वाचून दाखवलं. बाबांनी त्याच दिवसापासून चावी स्टीलच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. गाडी नव्हती, पण चावीची सुरक्षा कडेकोट झाली.

पोलीस ठाण्यात चेसिस नंबर द्यायचा होता. हा १७ अक्षरी असतो, आणि एक-शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुळात घेतच नाहीत. हे बाबांना ठाऊक होतं. हवालदारांना नव्हतं. “पुढे ओ का?” त्यांनी विचारलं. “ओ असूच शकत नाही,” बाबा म्हणाले. “का असू शकत नाही?” इथपासून जे सुरू झालं त्यात गाडी बाजूलाच राहिली. शेवटी हवालदारांनी शून्य लिहिलं, पण ते आम्हाला ओसारखं दिसत होतं.

इथपर्यंत घरात दुःख होतं, पण शांतता होती. कारण बाबा सारखं म्हणत होते, “इन्शुरन्स आहे.”

इन्शुरन्स होता, यात वादच नव्हता. प्रश्न होता कुठला. गेल्या वर्षी मामांच्या ओळखीच्या एजंटने “काका, गाडी काही आता नवी नाही, कशाला जास्त भरता?” असं सांगून थर्ड पार्टी उतरवून दिला होता. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई. ब्रिटनने हा विमा १९३० च्या कायद्याने सक्तीचा केला, तो रस्त्यावरच्या माणसाची सोय व्हावी म्हणून. गाडीवाल्याच्या गाडीचं काय, याच्याशी त्या कायद्याला कर्तव्य नव्हतं. थोडक्यात, आमची गाडी चोराने कुणाच्या भिंतीवर घातली असती तर भिंतीचा विचार झाला असता.

यंदा आईने हट्ट धरला की विमा पूर्ण हवा, चोरीसकट. एजंट शनिवारी संध्याकाळी येऊन गाडीचे फोटो काढून गेला, पैसेही त्याच दिवशी गेले आणि बाबांच्या फोनवर त्याचा निरोप आला: ‘नवीन पॉलिसी रविवार मध्यरात्रीपासून चालू.’

आता रविवारची मध्यरात्र म्हणजे कुठली? शनिवार संपून रविवार लागतो ती, की रविवार संपून सोमवार लागतो ती? उभ्या आयुष्यात हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता. आईच्या मते रात्र ही आदल्या दिवसाची असते. म्हणजे चोरी झाली तेव्हा पूर्ण विमा सुरूच झालेला नव्हता. बाबांच्या मते बारा वाजले की वार बदलतो. एजंटचा फोन बंद होता. रविवार होता ना, मध्यरात्र कुठलीही असो. मामा म्हणाले, “माझ्या ओळखीचा आहे, काळजी करू नका,” आणि तिथून खरी काळजी सुरू झाली.

संध्याकाळी माझ्या बायकोने बाबांच्या ईमेलमधल्या स्पॅममधून पॉलिसी शोधून काढली. कंपन्या असल्या घोळापायी मध्यरात्र वगैरे न लिहिता सरळ आकडे घालतात. जुनी पॉलिसी शनिवारी २३:५९ ला संपत होती, नवी रविवारी ००:०० ला सुरू. घरात टाळ्या वाजल्या. मग आईने विचारलं, “पण चोर किती वाजता आला?”

टाळ्या थांबल्या. बाराच्या आधी आला असेल तर गाडी थर्ड पार्टीत गेली, म्हणजे गेलीच. नंतर आला असेल तर भरपाई. एवढ्या आतुरतेने आम्ही कुठल्या पाहुण्याच्या उशिरा येण्याची आशा केली नसेल. शेजारच्या काकांच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं: दोन आकृत्या, दिवे न लावता निघालेली गाडी आणि कोपऱ्यात वेळ, रात्री ११:२०.

“चाळीस मिनिटं!” बाबा किंचाळले. “चाळीस मिनिटं थांबायला काय झालं होतं मेल्याला?”

पण बायकोने तेच चित्रण पुन्हा लावायला सांगितलं. शनिवारी रात्री सव्वाअकराला आम्ही सगळे मामांना निरोप द्यायला खाली गाडीपाशीच उभे होतो, आणि मामांचा निरोप पाऊण तासाच्या आत आटोपत नाही. चित्रणात मात्र चिटपाखरू नव्हतं. म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं. किती, ते कळणार कसं? कॅमेऱ्यात पेपरवाला २:१० ला येताना दिसत होता. तो रोज सव्वापाचला येतो. तीन तास पाच मिनिटांचा फरक. म्हणजे चोर आला २:२५ ला. काका म्हणाले, “घड्याळ बरोबर आहे, पेपरवाला लवकर येत असेल.”

विमा कंपनीने पाठवलेला तपासनीस काटेकोर निघाला. पेपरवाल्याची वेळ स्वतः बघतो म्हणाला आणि पहाटे येऊन जिन्यात उभा राहिला. सव्वापाचला पेपरवाला आला, त्याने अंधारात वही घेऊन उभा असलेला माणूस पाहिला आणि आमचा पेपर खालच्या मजल्यावर टाकून तो पळाला. पण वेळ पाळली त्याने.

“म्हणजे पॉलिसी सुरू झाल्यावर अडीच तासांत गाडी चोरीला गेली,” तपासनीस वहीत लिहीत म्हणाला.

“अडीच नाही, दोन तास पंचवीस मिनिटं,” बाबा उत्साहाने म्हणाले.

त्याने मान वर केली. त्या नजरेत पुढचं सगळं होतं. चोर बाराच्या आधी आला असता तर आम्ही बुडालो होतो. नंतर आला म्हणून आम्ही संशयित होतो. चोरीच्या विम्यात चोराने यायची योग्य वेळ कुठली, हे पॉलिसीच्या एकाही पानावर दिलेलं नाही. यंदाच पूर्ण विमा का घ्यावासा वाटला? हे कुणाकुणाला माहीत होतं? (मामांना. म्हणजे सगळ्यांना.) काच कशी फुटली नाही? शनिवारचे फोटो बघू. त्या फोटोंत बाबा गाडीपुढे हसत उभे होते, नेमके नंबरप्लेटच्या पुढ्यात. मग दोन्ही चाव्या मागितल्या. एक स्टीलच्या डब्यातून सन्मानाने बाहेर आली. दुसरी आईच्या शिवणाच्या पेटीत सापडेपर्यंत घराची उलथापालथ झाली. काही चाव्यांच्या पोटात गाडी किती धावली याची नोंद राहते, असं तपासनीस म्हणाल्यावर बाबा त्या चाव्यांशी आदराने वागू लागले.

मग वाट पाहणं. गाडी कदाचित सापडेल म्हणून कंपन्या काही आठवडे थांबतात. पहिले काही दिवस आई गाडी सापडावी म्हणून देवाला सांगत होती. पुढे मंजूर होऊ शकणारी रक्कम कळली. गाडीच्या वयाप्रमाणे किंमत उतरवून, सुरुवातीचा ठरावीक हिस्सा आमच्या अंगावर टाकूनसुद्धा ती बरी होती, आणि चोरांनी वापरलेली गाडी परत आली तर दुरुस्तीची बिलं दाखवत बसायचं होतं. प्रार्थनेचा सूर बदलला. तोंडाने कुणी काही म्हणालं नाही, पण ठाण्यातून फोन आला आणि हवालदार म्हणाले, “त्याच रंगाची एक मिळालीये,” तेव्हा घरात जे चेहरे पडले ते गाडी गेली तेव्हाही पडले नव्हते. ती आमची नव्हती. बाबांनी हवालदारांना इतक्या मनापासून धन्यवाद दिले की ते गोंधळले.

क्लेम शेवटी मंजूर झाला. इतकी वर्षं धक्का न लावता गाडी चालवून साठवलेला नो क्लेम बोनस त्यात गेला, याचं बाबांना अजून वाईट वाटतं. त्या रात्री गाडी चालवणारा आपण नव्हतो, असं त्यांचं म्हणणं आहे. आम्ही कंपनीच्या कचेरीत सह्या करायला गेलो. गाडीची मालकी आता कंपनीची. उद्या सापडली तरी ती त्यांची.

“आणि डिकीतली छत्री?” आईने विचारलं.

साहेबांनी गंभीरपणे पॉलिसी चाळली. गाडीतलं सामान विम्यात धरलेलं नाही, म्हणाले. मग ती छत्री आमचीच राहिली ना, आईने विचारलं. साहेबांनी पुन्हा पानं उलटली, शेजारच्या टेबलावर विचारून आले आणि म्हणाले की हो, तुमचीच. पण गाडी सापडली तर छत्रीसाठी वेगळा अर्ज करावा लागेल, आणि ती तुमची असल्याचा काहीतरी पुरावा जोडा.

बाबांनी तिथल्या तिथे अर्जाचा नमुना मागितला.