"गुगल डॉक्टर" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रियेबद्दल धन्यवाद, म्हणजे द्यायचे असतात म्हणून देतोय. फुफ्फुसाचा कॅन्सर हृदयाच्या आवरणापर्यंत जातो, तिथे पाणी साठतं आणि धाप लागते, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "हृदयाला कॅन्सर होतच नाही, गुगल डॉक्टरांनी पेशंटना उगाच घाबरवू नये." तेही नाव न टाकता.

आधी माझी चूक. कॅन्सर आवरणापर्यंत गेला की स्टेज चार, असं मी सरसकट ठोकून दिलं होतं. गाठ शेजारून थेट पेरिकार्डियममध्ये, म्हणजे त्या आवरणात, घुसली तर तेवढ्यावर ती टी३ धरतात (ही गाठीच्या वाढीची पायरी, स्टेज नव्हे), तिथल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी निघाल्या तर मात्र चौथी स्टेज. दुरुस्त करतो. झालं समाधान?

आता ते "होतच नाही". अहो, हृदयातच सुरू होणारा कॅन्सर अगदी दुर्मिळ, मान्य, पण मी कुठे म्हटलं तिथे सुरू होतो म्हणून? दुसरीकडून पसरून आलेला कितीतरी पट जास्त सापडतो आणि त्यात फुफ्फुसाचा पहिल्या रांगेत, शेजारीच तर आहे, लिम्फच्या (शरीरातल्या लसिकेच्या) वाटेने नाहीतर सरळ घुसून बहुतेकदा आधी आवरणच गाठतो. तिथे एरवी १५ ते ५० मिली पाणी असतं. हळूहळू साठलं तर लिटरभरही मावतं, भराभर साठलं तर २०० मिलीतसुद्धा हृदय दाबलं जातं. असेल हे गुगलवरही, मला तिथे नाही कळलं.

माझे बाबा शेवटी शेवटी आडवे होऊ शकत नव्हते. पलंगावर बसून मांडीवर दोन उश्या आणि त्यावर कपाळ टेकून रात्र काढायचे. मानेच्या शिरा टरारून फुगलेल्या. जो तो म्हणे फुफ्फुसाचा पेशंट आहे, धाप लागणारच, यात चार दिवस गेले. मग एका ज्युनिअर डॉक्टर मुलीने हट्टाने टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लावला. सुईने आवरणातलं पाणी काढलं, लालसर, आणि बाटली भरत गेली तशी बाबांची धाप उतरत गेली. त्या रात्री ते पाठ टेकून झोपले. पुढे पाणी परत भरलं, तो भाग वेगळा. आणि तुम्ही मला शिकवताय घाबरवू नका?

धापेची बाकीची कारणं लिहिली नाहीत म्हणता, तर एका लेखात माणूस किती लिहिणार.

घरी असा कोणी पेशंट असेल आणि त्याला आडवं होववत नसेल तर राग माझ्यावर ठेवा पण डॉक्टरांना इकोचं विचारा. मग या परत भांडायला, नाव टाकून.